‘केस नीटनेटके असावेत’ : अमेरिकेतल्या नोकऱ्यांमधला एक साधा नियम आणि त्यात दडलेला वंशभेद

२०१० साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, मोबील शहरात, एका कृष्णवर्णीय तरुणीची कॉल सेंटरच्या नोकरीसाठी निवड झाली. कंपनी विम्याच्या दाव्यांचं काम करायची. मुलाखतीला ती निळा सूट घालून आली होती आणि केस आखूड लॉक्समध्ये होते, म्हणजे बारीक जटांसारखे वळलेले. निवड झाल्याचं सांगून झालं होतं, पुढच्या तपासण्यांची वेळ ठरत होती. तेवढ्यात एचआर व्यवस्थापक बाईंनी विचारलं, हे ड्रेडलॉक्स आहेत का? ती हो म्हणाली. मग असे केस ठेवून तुम्हाला घेता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. का, तर असे केस गबाळे होत जातात. तुमचे तसे आहेत असं म्हणत नाही, पण मला काय म्हणायचंय ते तुम्हाला कळतंय. तिने लॉक्स कापायला नकार दिला आणि नोकरी गेली. काम फोनवरचं होतं. ग्राहक तिला कधी बघणारही नव्हते.

कंपनीच्या नियमावलीत लॉक्स हा शब्दच नव्हता. पेहराव आणि केस व्यावसायिक वातावरणाला साजेसे असावेत, केशरचना ‘अवाजवी’ नसावी, एवढंच होतं. वाचणाऱ्याला यात वंशाचा काही संबंध दिसत नाही. अडचण इथेच सुरू होते. ‘नीटनेटके’ म्हणजे काय हे ठरवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सरळ, खाली पडणारे केस असतात. ज्यांचे केस तसे आहेत त्यांना हा नियम पाळायला कंगवा पुरतो. ज्यांचे केस वर आणि बाजूला वाढतात त्यांना नियम पाळायचा तर केसच बदलावे लागतात.

आधी केस समजून घेऊ

कायद्याच्या वादात हा भाग बहुतेक वेळा राहून जातो आणि मग ‘केशरचनाच तर बदलायची आहे’ असं कुणीही सहज म्हणतं.

घट्ट कुरळ्या केसाचं मूळ टाळूच्या आत वाकलेलं असतं. केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो गोल न दिसता चपटा दिसतो. तो स्प्रिंगसारखा वाढतो. टाळूतून येणारं तेल सरळ केसावरून टोकापर्यंत ओघळतं. स्प्रिंगच्या वळणांवरून ते उतरत नाही, म्हणून टोकं कोरडी राहतात. शिवाय प्रत्येक वळण ही तुटायची एक जागा असते. असे केस रोज कोरडेच विंचरले तर ते वाढतात तितक्याच वेगाने तुटतात.

म्हणून वेण्या, ट्विस्ट म्हणजे दोन बटांचे पीळ, कॉर्नरोज म्हणजे टाळूला लागून घातलेल्या ओळींच्या वेण्या, आणि लॉक्स. या रचनांमध्ये टोकं आत गुंडाळलेली राहतात आणि रोजची ओढाताण थांबते. बारीक वेण्यांचं काम एका बैठकीत चार ते आठ तास चालतं आणि त्या साधारण सहा ते आठ आठवडे ठेवतात. त्या फार घट्ट घातल्या तर कपाळाच्या कडेचे केस मुळापासून ओढले जाऊन कायमचे जाऊ शकतात. त्यामुळे साहेबांनी सांगितलं म्हणून दर पंधरा दिवसांनी उकला आणि पुन्हा घाला, हे चालत नाही.

लॉक्सचं याहून वेगळं आहे. प्रत्येकाच्या डोक्यावरून रोज ५० ते १०० केस गळतात. लॉक्समध्ये ते खाली न पडता आतच गुंततात आणि महिनोन्‌महिने साचून दोर घट्ट होतो. तो तासन्‌तास बसून उकलण्याचा प्रयत्न करता येतो, पण त्यात बरेच केस जातात. बहुतेकांना तो कापावाच लागतो. केस महिन्याला जेमतेम एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. खांद्यापर्यंतचे लॉक्स एका नोकरीसाठी कापले, तर ते परत यायला दोन-तीन वर्षं लागतात.

राहिला केस सरळ करण्याचा मार्ग. तापलेल्या इस्त्रीने, सुमारे २०० अंश सेल्सिअसला, केस सरळ होतात, पण घाम किंवा पाऊस लागला की परत वळतात. रसायनाने केले तर टिकतात. या रिलॅक्सरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइडसारखा तीव्र अल्कली असतो, त्याचा पीएच १२च्या पुढे असतो आणि तो केसातल्या प्रथिनांना बांधून ठेवणारे बंध तोडतो. मिनिटभर जास्त राहिला तर टाळू भाजते. आणि मुळातून नवा केस कुरळाच येतो, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तेच. २०२२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ३३ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केस सरळ करण्याची उत्पादनं कधीच न वापरलेल्या स्त्रियांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण अंदाजे १.६४ टक्के होतं, तर वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये ४.०५ टक्के. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. तरी ‘सरळ करून या’ असं सांगणाऱ्याने हे आकडे माहीत करून घ्यायला हवेत.

न्यायालयांनी ओढलेली रेघ

नोकरीतल्या वंशभेदाला बंदी करणारा मुख्य कायदा १९६४चा नागरी हक्क कायदा, त्याचं सातवं प्रकरण. ते १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना लागू होतं. त्यात ‘वंश’ हा शब्द आहे, पण त्याची व्याख्या नाही. वंश म्हणजे त्वचेचा रंग, की केसांचा पोतही? आणि पोत धरला, तर त्या पोतामुळे जी रचना करावी लागते ती? पन्नास वर्षांचे खटले याच फटीत अडकले आहेत.

१९७६मध्ये सातव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे संघीय अपील न्यायालयांचा एक विभाग) अपील न्यायालयापुढे एका विमा संस्थेतल्या कर्मचारी महिलेचं प्रकरण आलं. अफ्रो ठेवून तू संस्थेचं प्रतिनिधित्व करू शकणार नाहीस, असं वरिष्ठांनी म्हटल्याची तिची तक्रार होती. हा वंशभेदाचाच आरोप आहे, असं न्यायालयाने मानलं. अफ्रो म्हणजे केस जसे येतात तसे सोडलेले, त्यामुळे न्यायालयाला ते पटायला जड गेलं नाही.

१९८१मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात रॉजर्स विरुद्ध अमेरिकन एअरलाइन्स या खटल्यात मात्र निकाल उलटा लागला. अकरा वर्षं नोकरी केलेल्या कर्मचारी बाईंना कॉर्नरोज ठेवायला मनाई होती. न्यायालयाचं म्हणणं असं : अफ्रो नैसर्गिक आहे, वेणी ही केलेली कृती आहे, आणि जे सहज बदलता येतं त्याला वंशाचं संरक्षण मिळत नाही. एका गोऱ्या अभिनेत्रीने चित्रपटात तशा वेण्या घालून त्या लोकप्रिय केल्याचाही निकालात उल्लेख आहे. कामाच्या वेळात वेण्यांचा अंबाडा करून त्यावर गंगावनासारखा कृत्रिम केसांचा तुकडा बांधायची मुभा कंपनीने दिली होती. त्याने डोकं भयंकर दुखतं, असं बाईंनी सांगितलं. त्यावर निकालपत्रात उत्तर आहे की मग मोठा तुकडा घ्यावा.

पुढच्या बहुतेक निकालांना या ‘सहज बदलता येतं’ने बांधून ठेवलं. सुरुवातीला सांगितलेलं मोबीलचं प्रकरण समान रोजगार संधी आयोगाने, ज्याला सगळे ईईओसी म्हणतात, २०१३ साली न्यायालयात नेलं. २०१६मध्ये अकराव्या सर्किटने ते फेटाळलं : केसांचा पोत जन्मजात आहे म्हणून संरक्षित, लॉक्स ही सांस्कृतिक निवड आहे म्हणून नाही. पोत आणि रचना अशी वेगळी काढता येते हे मला पटत नाही. पोत तसा नसता तर रचनेची गरजच पडली नसती. आणि दोन-तीन वर्षांनी भरून येणाऱ्या बदलाला ‘सहज’ म्हणणं हे केस न पाहता केलेलं विधान आहे.

त्या हरण्यात वकिलांसाठी एक धडाही आहे. वंशभेद सिद्ध करायचे दोन मार्ग असतात. एकात मालकाचा हेतू दाखवायचा. दुसऱ्यात हेतूला हात न लावता परिणाम दाखवायचा : नियम तटस्थ आहे, पण त्याचा फटका एका वंशाच्या लोकांना फार मोठ्या प्रमाणात बसतो आणि धंद्याला त्या नियमाची खरी गरज नाही. हा दुसरा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने १९७१च्या ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर खटल्यात मान्य केला आणि १९९१मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तो कायद्यात घातला. मोबीलच्या खटल्यात आयोगाने फक्त हेतूचाच दावा केला होता, आणि न्यायालयाने ते निकालात आवर्जून नोंदवलं.

परिणामाचा मार्ग चालतो कसा, हे दाढीच्या एका खटल्यात चांगलं दिसतं. कुरळी दाढी गुळगुळीत केली की कापलेलं टोक वळून परत त्वचेत शिरतं आणि तिथे फोड येतात. १९९३मध्ये नेब्रास्कातल्या, डॉमिनोज पिझ्झा पोचवणाऱ्या कंपनीविरुद्ध आठव्या सर्किटपुढे हे प्रकरण आलं. सुमारे निम्म्या कृष्णवर्णीय पुरुषांना हा त्रास होतो आणि त्यातल्या निम्म्यांना दाढी करताच येत नाही, असा पुरावा समोर होता. म्हणजे ‘दाढी नको’ या एका ओळीने जवळजवळ पाव कृष्णवर्णीय पुरुष बाहेर पडतात. गोऱ्यांमध्ये हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. कंपनीने २० टक्क्यांपर्यंत ग्राहकांना दाढीवाला पोऱ्या आवडत नाही असं सर्वेक्षण पुढे केलं. ते पुरेसं नाही, असं न्यायालयाने सांगितलं. ग्राहकाची आवड म्हणजे धंद्याची गरज नव्हे, हा मुद्दा केसांच्या प्रत्येक प्रकरणात कामाला येतो.

इथे एक सावधगिरी. एप्रिल २०२५मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने संघीय संस्थांना परिणामावर आधारलेल्या दाव्यांची अंमलबजावणी मागे ठेवायला सांगण्यात आलं. कायद्यातलं कलम तसंच आहे आणि कर्मचारी स्वतः खटला भरू शकतो. पण आयोग आपली बाजू घेऊन लढेल, ही आशा या प्रकारात आता धरू नये.

क्राउन कायदा काय देतो, काय देत नाही

न्यायालयांनी वाट अडवल्यावर राज्यांनी व्याख्याच बदलायला घेतली. कॅलिफोर्नियाने जुलै २०१९मध्ये क्राउन कायदा केला, तो १ जानेवारी २०२०पासून लागू झाला. पाठोपाठ न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी आली. आता दोन डझनांहून अधिक राज्यांत असा कायदा आहे. युक्ती साधी आहे : वंश या शब्दात केसांचा पोत आणि वेण्या, लॉक्स, ट्विस्ट यांसारख्या केस जपणाऱ्या रचनाही येतात, असं लिहून टाकायचं. ‘बदलता येतं की नाही’ हा प्रश्नच मग उरत नाही. संघीय पातळीवर असं विधेयक प्रतिनिधीगृहाने २०२०मध्ये आणि पुन्हा २०२२मध्ये मंजूर केलं. सिनेटमध्ये ते अडलं.

लोकांचा गैरसमज इथेच होतो. केस जांभळे रंगवले म्हणून काढलं, तर क्राउन कायदा मदतीला येत नाही. लांबीचं तर अजूनच अवघड आहे. टेक्सासचा कायदा १ सप्टेंबर २०२३पासून लागू झाला आणि लगेच मॉन्ट बेल्व्यू गावातल्या शाळेने एका विद्यार्थ्याला लॉक्सच्या लांबीवरून वर्गाबाहेर ठेवलं. केस वर बांधलेले असले तरी सोडल्यावर भुवया, कानाची पाळी किंवा कॉलरच्या खाली येता कामा नयेत, असा मुलग्यांसाठीचा नियम होता. फेब्रुवारी २०२४मध्ये न्यायाधीशांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला, कारण कायद्यात रचना आहे, लांबीचा शब्द नाही. प्रकरण शाळेचं असलं तरी नोकरीच्या ठिकाणी हाच युक्तिवाद होणार. म्हणून आपल्या राज्याच्या कायद्याचं शीर्षक वाचून थांबू नये. व्याख्येची ओळ शब्दशः वाचावी.

धर्मासाठी केस राखणाऱ्यांचा, म्हणजे शीख किंवा रास्ताफारी (जमैकातला, लॉक्स राखणारा पंथ) कर्मचाऱ्यांचा मार्ग स्वतंत्र आहे आणि बऱ्याचदा जास्त भक्कम. तिथे मालकाला सवलत द्यावीच लागते, नाहीतर तिच्यामुळे धंद्यावर भरीव बोजा पडतो हे दाखवावं लागतं. २०२३च्या ग्रॉफ विरुद्ध डिजॉय निकालाने हा निकष मालकांसाठी कडक केला.

सुरक्षेचं कारण खरं कधी

केसांचा प्रत्येक नियम वंशभेद असतो असं मुळीच नाही. फिरत्या शाफ्टजवळ मोकळे केस जीवघेणे असतात. अन्न हाताळताना केस झाकावे लागतात. तोंडाला घट्ट बसणारा श्वसन-मास्क दाढीवर बसत नाही. त्याची कड आणि त्वचा यांच्यामध्ये केस असता कामा नयेत, असा संघीय सुरक्षा नियमच आहे. मात्र तो कडेखालच्या केसांपुरता आहे. डोक्यावरच्या वेण्यांना मनाई करायला तोच नियम दाखवला, तर तो चुकीचा वापर आहे.

कारण खरं आहे का, हे तपासायला दोन प्रश्न पुरतात. नेमका धोका कोणता? आणि केस बांधून, जाळीखाली किंवा टोपीखाली घालून तो टळतो का? टळत असेल तर नियम बांधण्याचा हवा, रचना बदलण्याचा नको. हेल्मेट बसत नसेल तर आधी मोठं हेल्मेट, मागची फिरकी सैल करणं आणि वेण्या मानेपाशी खाली बांधणं करून बघावं.

अमेरिकन लष्करासारख्या काटेकोर संस्थेचंही मत या बाबतीत बदललं. २०१४च्या नियमांत ट्विस्ट आणि जाड वेण्यांना बंदी आली, कृष्णवर्णीय महिला सैनिकांनी आक्षेप घेतल्यावर त्याच वर्षी बरीचशी मागे गेली, आणि जानेवारी २०१७पासून लॉक्सनाही परवानगी मिळाली, जाडी आणि नीटपणाच्या मापात बसवून. हेल्मेट घालणाऱ्यांना हे जमतं, तर टेबलावर बसणाऱ्यांसाठी ‘सुरक्षा’ हे कारण टिकणं कठीण.

नियमावली लिहिणाऱ्या एचआरने ‘व्यावसायिक’, ‘अवाजवी’, ‘साजेसे’ ही विशेषणं काढूनच टाकावीत. ती मापता येत नाहीत, म्हणून जो बघतो त्याच्या आवडीने लागू होतात. त्याऐवजी असं वाक्य चालतं : ‘फिरत्या भागांच्या यंत्राजवळ खांद्याखाली येणारे केस, वेण्या किंवा लॉक्स मागे बांधून जाळीत ठेवावेत.’ यात काम आहे, माप आहे, उपाय आहे आणि ते सरळ केसांनाही तितकंच लागू आहे. दुसरी चूक अंमलबजावणीत होते. गोऱ्या सहकारी बाईचा विस्कटलेला अंबाडा रोज चालतो आणि वेण्यांना मात्र समज मिळते, हे खटल्यात हेतूचा पुरावा म्हणून उभं राहतं. म्हणून गेल्या वर्षी केसांवरून कोणाकोणाला टोकलं, ती नावं एकदा एका कागदावर काढून बघावीत.

आपल्यावरच वेळ आली तर

पहिल्या दिवशी वाद घालण्यापेक्षा कागद तयार करावा. बोलणं तोंडी झालं असेल तर त्याच दिवशी छोटा ईमेल पाठवावा : ‘आज दुपारी आपण मला वेण्या काढून यायला सांगितलंत. हे नियमावलीच्या कोणत्या कलमानुसार आहे, आणि बांधून ठेवल्या तर चालतील का, हे कृपया कळवावं.’ उत्तर आलं तर नियम कळतो, नाही आलं तर तेही नोंदलं जातं. त्या दिवशीच्या केसांचा तारखेसह फोटो, नियमावलीची त्या वेळची प्रत आणि निवडीचं पत्र कार्यालयाच्या संगणकाबाहेर ठेवावं, पण कंपनीची गोपनीय कागदपत्रं उचलू नयेत. संभाषण गुपचूप रेकॉर्ड करण्याआधी राज्याचा नियम बघावा. कॅलिफोर्नियासह काही राज्यांत सगळ्यांची संमती लागते. दरम्यान केस बदलावेच लागले, तरी हक्क जात नाही. किती तास आणि किती डॉलर गेले, त्याच्या पावत्या जपाव्यात.

तक्रारीत ‘वंश’ हा शब्द स्पष्ट लिहावा. ‘मला वाईट वागवलं’ एवढंच लिहिलं तर पुढे बदला घेतल्याचा दावा कमकुवत होतो. वंशभेदाची तक्रार प्रामाणिक आणि वाजवी समजुतीने केली असेल, तर तिच्यासाठी शिक्षा करणं हा कायद्याचा स्वतंत्र भंग ठरतो. मूळ दावा हरला तरी बदल्याचा दावा उभा राहू शकतो. नोकरी सोडताना पैशांच्या बदल्यात सगळे दावे सोडल्याचा कागद पुढे आला, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

मुदती सगळ्यात जास्त लोकांना बुडवतात. सातव्या प्रकरणाखाली थेट न्यायालयात जाता येत नाही, आधी ईईओसीकडे तक्रार लागते : घटनेपासून १८० दिवसांत, आणि राज्यात स्वतःची भेदभावविरोधी यंत्रणा असेल तर ३०० दिवसांत. संघीय सरकारच्या कर्मचाऱ्यांना तर समुपदेशकाशी ४५ दिवसांतच संपर्क करावा लागतो. कॅलिफोर्नियात राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे तीन वर्षं मिळतात आणि तिथला कायदा पाच कर्मचाऱ्यांपासून लागू होतो. याशिवाय १८६६च्या कायद्यातून आलेलं कलम १९८१ आहे (हा कलमाचा क्रमांक, साल नव्हे). त्याला कर्मचारीसंख्येची अट नाही, आयोगाकडे जावं लागत नाही, मुदत बहुतेक नोकरीच्या दाव्यांना चार वर्षं आहे. पण त्यात हेतूच सिद्ध करावा लागतो, आणि वंश नसता तर हे घडलं नसतं असं दाखवावं लागतं.

रकमेतही फरक पडतो. सातव्या प्रकरणात मनस्ताप आणि दंडात्मक भरपाई मिळून कमाल ५० हजार डॉलर मिळतात, जर मालकाकडे १५ ते १०० माणसं असतील. ५००हून जास्त असतील तर तीन लाख. बुडालेला पगार या मर्यादेत मोजत नाहीत. कलम १९८१ला ही मर्यादाच नाही, म्हणून वकील शक्य तिथे दोन्ही दावे एकत्र लावतात.

आयोगाने खटला स्वतः न चालवता ‘दावा करण्याचा हक्क’ देणारं पत्र पाठवलं, तर ते मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायालयात जावं लागतं. हे पत्र आता बहुधा आयोगाच्या ऑनलाइन पोर्टलवर येतं आणि ईमेलमध्ये फक्त सूचना असते. ती सूचना स्पॅममध्ये पडली तरी दिवस मोजले जाऊ शकतात, म्हणून तक्रार दिल्यापासून दर आठवड्याला पोर्टल स्वतः उघडून बघावं.